माळेतली कवडी नेमकी येते कुठनं? (धागा)

नवीपेठकर
एक साधा प्रश्न टाकतोय, उत्तर साधं नसणार हे माहितीय. आपल्याकडं देवीच्या आराध्यांच्या गळ्यात कवडी, भुत्याच्या अंगावर कवडी, बैलाच्या पट्ट्याला कवडी, देव्हाऱ्यात कवडी, पटावर खेळायला कवडी. आणि आपण सोलापुरात, समुद्रापासून रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्या वर आत बसलोय. मग ह्या येतात कुठनं? कोकणातनं म्हणावं तर मालवणला, गणपतीपुळ्याला कितीदा गेलो, शिंपले पिशवी भरून आणले पण ही पिवळट पांढरी गुळगुळीत कवडी काय वाळूत दिसली नाही. आजीची माळ नव्यानं ओवून घ्यायची आहे, काही फुटल्यात, त्या जागी नवीन घालाव्या लागणार. मधल्या मारुतीपाशी एका दुकानात विचारलं तर म्हणे माल मुंबईहून येतो. मुंबईला कुठनं येतो ते त्यालाही ठाऊक नाही.

आणि घरात वाद पेटलाय. बायकोचं म्हणणं हा जिवंत प्राणी असतो आणि मारून कवडी काढतात. आई म्हणते, छे, समुद्र आपणहून बाहेर टाकतो. बरोबर कोण?

शेंगाचटणी
आई बरोबर. पुढचा प्रश्न विचारा.

सातरस्ता
कवडी शोधत कशाला हिंडलालाय बे, मार्केट यार्डात कांदा बघा, त्याहून कवडीमोल काय नाय मिळणार. त्याचीच माळ करा 😄

किनारा_कोची
मूळचा अक्कलकोट रोडचा, नोकरीमुळं बरीच वर्षं कोचीला आहे आणि काम समुद्रातल्या प्राण्यांशीच संबंधित आहे, म्हणून जरा लांबण लावतो, माफी असावी.

कवडी ही समुद्री गोगलगाय. तुमच्या माळेतली जी आहे ती बहुतेक मोनेटारिया मोनेटा, लिनियसनं १७५८ साली सायप्रिया मोनेटा म्हणून नोंदवलेली, पैशाची कवडी. दोन-तीन सेंटिमीटरचा जीव. हिला खवळलेला समुद्र नको असतो. प्रवाळाची भिंत बाहेरच्या लाटा अडवते ना, तिच्या आतलं जे उथळ, कोमट, नितळ पाणी असतं, ओहोटीला गुडघाभर राहतं, तिथं ही राहते. दिवसा दगडाच्या खाली नाहीतर मेलेल्या प्रवाळाच्या फटीत दडून बसते, अंधार पडला की बाहेर येऊन खडकावरचं शेवाळ खरवडून खाते. तांबडा समुद्र, पूर्व आफ्रिकेपासून पार हवाईपर्यंत सापडते. भारतात बघायची असेल तर लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचं आखात. कोकणचा किनारा म्हणजे नद्यांचा गाळ, गढूळ पाणी, पावसाळ्यात आपटणाऱ्या लाटा, त्यामुळं तिथं पिशवी भरून शिंपले मिळाले आणि ही मिळाली नाही यात नवल नाही. तिकडं दुसऱ्या जातीच्या कवड्या आहेत, खडकाळ भागात ओहोटीला जा म्हणजे दिसतील.

हिप्परगा_तळं
मालवणला मी एक बघितलेली, अंड्याएवढी, तपकिरी, पाठीवर कुणीतरी मोडी लिहिल्यासारखं. तीच का ही?

किनारा_कोची
नाही, वर्णनावरून ती अरबी कवडी वाटते, पाठीवरच्या त्या लिपीसारख्या नक्षीवरूनच तिचं नाव पडलंय. तीही कवडीच पण आकारानं बरीच मोठी, माळेत बसणारी नाही.

आई_राजा_उदो
आमच्या घरात चार पिढ्या देवीची परडी (जोगव्याची टोपली) आहे. देवीच्या माळेत कुणी जीव मारून घालेल का हो? प्राणी मरतो, कवडी रिकामी होते, वाहत किनाऱ्याला लागते, लोक वेचतात. एवढं सरळ आहे. उगाच देवाधर्माच्या गोष्टीत शंका काढायची फॅशन झालीय.

किनारा_कोची
ताई, श्रद्धेवर माझं काहीच म्हणणं नाही, आमच्याही घरी कुळाचाराला माळ असते. पण विचारलंय तर जे आहे ते सांगतो.

कवडी इतकी चकचकीत का असते? बाकी शंख-शिंपले बघा, बाहेरनं खरबरीत, शेवाळ चढलेले, वर किडे चिकटलेले असतात. कवडीचं तसं होत नाही कारण जिवंतपणी ती आपलं कवच उघडं टाकतच नाही. अंगाची एक पातळ घडी असते, प्राणिशास्त्राच्या मराठी पुस्तकात तिला प्रावार म्हणतात, ती दोन्ही बाजूंनी वर येऊन पाठीवर मिटते आणि अख्खं कवच झाकून टाकते. काळपट करडी, बारीक बारीक गाठींची. धक्का लागला की क्षणात आत. ही घडी बाहेरनं थर चढवत राहते, म्हणून वरची चकाकी कायम नवी. कवडीला पॉलिश करावं लागत नाही, जिवंतपणी तीच करते.

आता प्राणी मेला की हे थांबलं. मग कवच वाळूत घासतं, उन्हात पडतं, चकाकी जाते, पिवळा थर झिजला की खालचा निळसर-जांभळा थर दिसायला लागतो. म्हणजे किनाऱ्यावर वेचलेली कवडी ही फिकट, चरे पडलेली, पाठीवर जांभळट डाग असलेली असते. आणि दुकानात जी आरशासारखी चमकते ती बहुतेक वेळा प्राणी आत असतानाच पाण्यातनं काढलेली. तेव्हा वहिनींचं बरोबर, आणि जुन्या झिजलेल्या कवड्यांपुरतं आईंचंही बरोबर असू शकतं.

शेंगाचटणी
बघा, शेवटी आई बरोबरच निघाली.

निवृत्त_मास्तर
चांगला विषय निघाला आहे, दोन गोष्टी जोडतो.

काढायची पद्धत शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. जगाला कवडी पुरवायचं मोठं ठिकाण म्हणजे मालदीव. अल्-बिरुनीनं साधारण १०३० च्या सुमारास लिहिलंय की ह्या बेटांवर नारळाच्या झावळ्या समुद्रात रोवतात आणि त्यांना चिकटलेल्या कवड्या गोळा करतात. इब्न बतूता हा प्रवासी १३४३-४४ ला मालदीवात होता, काझीचं काम करत होता, तो म्हणतो की समुद्रातनं हे प्राणी काढून किनाऱ्यावर खड्ड्यात घालतात, मांस कुजून जातं आणि पांढरं कवच उरतं. म्हणजे किनारा_कोची म्हणताहेत तेच. बंगालचे लोक तांदूळ देऊन त्या घ्यायचे. मालदीवात सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या, कधी भाव पडला की बारा लाखसुद्धा. आणि हाच माणूस पुढं पश्चिम आफ्रिकेत माली राज्यात गेला तर तिथं एका दिनाराला ११५० कवड्या! माल तोच. मधल्या प्रवासात किंमत साडेतीनशे पटीच्या आसपास चढली. आपल्या कांद्याला असा प्रवास मिळाला पाहिजे.

दुसरी गोष्ट घरची. लीलावती ह्या गणिताच्या ग्रंथात सुरुवातीलाच कोष्टक आहे, भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात दिलेलं. वराटकानां दशकद्वयं यत् सा काकिणी. वराटक म्हणजे कवडी. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. म्हणजे पण ८० कवड्यांचा आणि द्रम्म १२८० चा. आता बंगालचा हिशोब बघा, तिथं चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन. पण परत ८० चा, काहन परत १२८० चा. आणि अठराव्या शतकात रुपयाला चार काहन धरायचे, म्हणजे ५१२० कवड्या. सहाशे वर्षं आणि हजार मैलांचं अंतर, पाढा तोच. मला तरी हे फार भारी वाटतं, वर्गात पोरांना सांगितलं की पोरं जांभया द्यायची.

सातरस्ता
मास्तर, ५१२० कवड्या मोजणार कोण? रुपयाचा गूळ घ्यायला गेला तर दुकानदार संध्याकाळपर्यंत मोजतच बसायचा की.

निवृत्त_मास्तर
मोठी रक्कम मोजत नव्हते, मापानं आणि वजनानं घ्यायचे. सगळ्या साधारण एका आकाराच्या असतात हाच तर फायदा. गंजत नाही, कुजत नाही, उंदीर खात नाही, आणि खोटी कवडी बनवायचा खर्च खरीपेक्षा जास्त. सिल्हेटला (आता बांगलादेशात) ईस्ट इंडिया कंपनीचा रॉबर्ट लिंडसे १७७८ ला गेला तेव्हा तिथला सगळा महसूल, अडीच लाख रुपये, कवड्यांत जमा व्हायचा. गुणाकार करा, १२८ कोटी कवड्या. त्या साठवायला गोदामं आणि ढाक्याला न्यायला होड्यांचा ताफा लागायचा.

आणखी एक, टाकू का नको असं झालं होतं पण टाकतोच. ह्याच मालदीवच्या कवड्या युरोपच्या व्यापाऱ्यांनी जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेला नेल्या आणि त्या देऊन माणसं विकत घेतली, गुलाम म्हणून. पुढं एकोणिसाव्या शतकात झांझिबारकडची स्वस्त कवडी तिथं इतकी ओतली की चलनच बुडालं, ज्यांनी जन्मभर साठवल्या त्यांच्या हातात नुसतं पोतं राहिलं.

विडी_घरकुल
मास्तर जड करून टाकलं सगळं. मी जरा हलकं करते. आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू, आमच्याकडं कवडीला गव्वा म्हणतात, आणि गव्वलू नावाचा गोड पदार्थपण असतो, मैद्याच्या छोट्या गोळ्या रेघांच्या फळीवर अंगठ्यानं दाबून वळवायच्या, तळायच्या आणि गुळाच्या पाकात घालायच्या. दिसतात सेम कवडीसारख्या. अष्टाचम्मा तर आमच्या गल्लीत अजून चालतो, उन्हाळ्यात दुपारी विड्या वळून झाल्या की बायका फरशीवर खडूनं पट आखतात. चार कवड्या, चारी उताण्या म्हणजे तोंड वर आलं की चम्मा, चार घरं. चारी पालथ्या पडल्या की अष्टा, आठ घरं. दोन्हीला परत टाकायला मिळतं.

गोठा_सांगोला
बैलाच्या पट्ट्यावरच्या कवड्या राहिल्या की. गड्ड्याच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात जावा, घुंगरमाळा, गोंडे, म्होरक्या, कासरे, कवड्यांचे पट्टे, सगळी दुकानं एका लायनीत. आमच्या खिलारांना आजोबांच्या वेळचा चामड्याचा पट्टा हाय, कवड्या शिवलेल्या, बेंदराला काढतो. आता नवीन पट्ट्यावर निम्म्या कवड्या प्लास्टिकच्या असत्यात. लांबून कळत न्हाय पण एका पावसात पिवळ्या पडत्यात आन हातात घेतलं की नुसतं हलकं फुलकं. बैलाला काय फरक पडत न्हाय म्हणा, मालकाला पडतो.

नवीपेठकर
वा, चर्चा भलतीच रंगली. आजीची माळ आत्ता समोर घेऊन बसलोय. तीन तऱ्हा दिसतात. काही पिवळट, कडेला उंचवटे असलेल्या. काही जास्त गोल, पाठीवर फिकट नारिंगी कडं. आणि बऱ्याच कवड्यांची पाठच नाहीय, आरपार भोक. मी समजत होतो फुटल्यात. आणि हो, काहींवर तो जांभळट डाग आहे! शिवाय दोन-तीन अगदी बारक्या आहेत, ती पिल्लं का?

किनारा_कोची
मस्त. उंचवटेवाली ती मोनेटा. नारिंगी कडंवाली तिची सख्खी बहीण, मोनेटारिया ॲन्युलस, मास्तर म्हणाले ती झांझिबारची कवडी हीच. पाठ नसलेल्या फुटलेल्या नाहीत, मुद्दाम पाठ कापून काढलीय. पाठ काढली की तोंडाच्या फटीतनं आणि मागच्या भोकातनं दोरा आरपार जातो, कवडी सपाट बसते, दात दिसणारी बाजू वर राहते. तेव्हा त्या टाकू नका, त्याच तर खास माळेसाठी तयार केलेल्या आहेत.

बारक्या म्हणजे पिल्लं नव्हेत. कवडीचं पिल्लू कवडीसारखं दिसतच नाही, पातळ कवच, टोकाला गोगलगायीसारखा पीळ दिसणारा, तोंड रुंद. मोठी होताना बाहेरचा ओठ आत वळतो, तोंडाची फट अरुंद होते, दोन्ही काठांना दात येतात. एकदा दात आले की लांबीची वाढ संपली, त्यापुढं फक्त जाडी. म्हणून दात असलेली कवडी कितीही लहान असो, वयात आलेलीच. मादी अंडी घालून त्यांच्यावर बसून राहते, पिल्लं फुटून पाण्यात तरंगत निघून जाईपर्यंत हलत नाही.

खरी-खोटी ओळखायचं म्हणाल तर दात बघा. खरीचे दात थोडे कमी-जास्त असतात आणि एकसारखी दुसरी सापडत नाही, साच्यातल्या सगळ्या जुळ्या. गालाला लावली तर खरी गार लागते. तापलेली सुई टेकवली की प्लास्टिक वितळतं. लिंबाचा थेंब टाकला तर खरीवर बुडबुडे येतात कारण ती चुनखडीचीच, पण आजीच्या माळेवर हा प्रयोग करू नका, चकाकी कायमची जाईल. त्याच कारणानं माळ चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका. साधं पाणी, मऊ फडकं, बास. गडद केशरी-पिवळ्या 'लक्ष्मीच्या' म्हणून विकतात त्यातल्या कित्येक रंगवलेल्या असतात, ओल्या कापसानं पुसून बघा.

काळी_माती
मग शेवटी करायचं काय? मारून काढलेल्या असतील तर नवीन घ्यायच्याच नाहीत का? बैलाच्या पट्ट्याला प्लास्टिक, देवीला काय मग?

आई_राजा_उदो
हेच मी म्हणत होते, ह्याचा शेवट असाच होणार. आता माळ घालणं पाप ठरवा.

किनारा_कोची
ताई, कोणी ठरवत नाहीय. ही कवडी काही संपत आलेली नाही, तिच्या जातीचं क्षेत्र अफाट आहे. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्यात २००१ साली काही शंख-शिंपले आणि प्रवाळ घातले गेले, पण पैशाची कवडी त्या यादीतली नाही. तिला धोका आहे तो माळेपेक्षा तिच्या घराचा, पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडून मरतं, २०१६ ला लक्षद्वीपमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. माझं स्वतःचं मत विचाराल तर जुन्या माळा मोडू नयेत, आणि नवीन लागल्याच तर जुन्यातल्याच मिळतात का बघावं. फिरायला गेल्यावर दगड उलटे करून जिवंत कवड्या मात्र काढू नयेत, आणि दगड उलटा केलाच तर परत होता तसा ठेवावा, त्याच्या खाली कुणीतरी अंड्यांवर बसलेली असते.

आई_राजा_उदो
जुन्या माळा मोडू नयेत हे शंभर टक्के पटलं. आमच्यात माळ पुढच्या आराधिणीला देतात, नाहीतर देवीपाशी ठेवतात. नवीन घ्यायची वेळ क्वचितच. आणि नवीपेठकर, घरातल्या किंवा ओळखीच्या आराध्यांना विचारून बघा, तुटलेल्या माळांच्या सुट्या कवड्या डब्यात असतातच कुणाकडं ना कुणाकडं. दुकानातनं घेण्यापेक्षा त्या बऱ्या, पाठ कापलेल्याच मिळतील. फक्त पटवेकऱ्याला (माळ ओवून देणाऱ्याला) आधी सांगा, नायलॉन नको. नायलॉननं कवडीची कड कापते आणि गाठपण सुटते. सुती पिळाचा दोरा घ्या, दोन कवड्यांच्या मधे गाठ मारायला सांगा, म्हणजे एक जागी तुटली तरी सगळ्या सांडत नाहीत.

नवीपेठकर
ही गाठीची गोष्ट लई कामाची सांगितली. मावशींकडं विचारतो, त्यांच्या सासरी परडी आहे. दोन्ही बाजूंना धागा वाचून दाखवला, बायको म्हणते मी जिंकले, आई म्हणते मी जिंकले.

वैद्य_जोडभावी
उशिरा आलो. आयुर्वेदात ही कवडी कपर्दिका, वराटिका नावानं येते, शोधन करून भस्म करतात, अम्लपित्तासारख्या तक्रारींवर वापरतात. पण कृपा करून कुणी माळेतली कवडी चुलीत घालून चाटण करू नका, दरवर्षी एक तरी असा हुशार भेटतो.

सातरस्ता
@विडी_घरकुल ताई, आमच्या अष्टाचम्म्याची एक कवडी पोरानं गटारात घातली. तीनवर कसं खेळायचं?

विडी_घरकुल
तीनवर नाही जमत, अष्टा कुठनं येणार. चिंचोका घ्या, फरशीवर घासून एक बाजू पांढरी करा, पांढरी वर आली की उताणी धरायची. पण मग चारी चिंचोकेच घ्या, तीन कवड्या आणि एक चिंचोका केलं की आमच्या गल्लीत भांडणं होतात, चिंचोका सारखा एकाच बाजूला पडतो असं हरणारा म्हणतोच म्हणतो.